पिव्होट टेबल लागत नाहीये? आधी शीटकडे बघा

परवा एकाने एक्सेलची फाइल पाठवली, म्हणाला यावर पिव्होट टेबल (लांबलचक नोंदींचे हवे तसे गट पाडून बेरजा मांडून देणारी सोय) लावून दे, मला काही केल्या जमत नाहीये. उघडून बघतो तर सगळ्यात वर मर्ज केलेल्या सेलमध्ये मोठ्ठं शीर्षक, खाली एक रिकामी ओळ, मग "जानेवारी" असं ठळक अक्षरात, त्याखाली पंधरावीस ओळी, मग पिवळ्या रंगात "एकूण", परत रिकामी ओळ, मग "फेब्रुवारी". असं थेट डिसेंबरपर्यंत. दिसायला छान होती हं, प्रिंट काढून भिंतीवर लावावी इतकी. पण पिव्होट लागणं शक्यच नव्हतं, आणि त्यात पिव्होटचा काही दोष नाही.

जुन्या हिशेबात रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी असायची. रोजकीर्दीत जे घडलं ते घडलं तसं, तारखेवार, एकाखाली एक लिहायचं, तिथे खातेवार बेरजा नाहीत. मग त्यातून उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडलं की झाली खतावणी. स्प्रेडशीटमध्ये बहुतेकांची गडबड इथेच होते, दोन्ही एकाच शीटवर करायला जातात. तुम्ही फक्त रोजकीर्द नीट ठेवा, खतावणी पिव्होट टेबल करतं, तेही दहा सेकंदात आणि हवी तितक्या प्रकारे.

आता उदाहरण घेऊ. समजा सहा जणांची टीम आहे आणि कोण कुठल्या प्रोजेक्टवर किती तास घालवतं त्याची नोंद ठेवायचीये. कॉलम पाच: तारीख, नाव, प्रोजेक्ट, कामाचा प्रकार (डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, मीटिंग वगैरे), तास. एका माणसाने एका दिवशी एका प्रोजेक्टवर एका प्रकारचं काम केलं की एक ओळ. त्याच दिवशी दुसरं काम केलं तर दुसरी ओळ. हो, तारीख परत लिहायची, नावही परत लिहायचं, "वर लिहिलंच आहे की" म्हणून सेल रिकामा सोडायचा नाही. पहिल्या ओळीत कॉलमची नावं, प्रत्येक कॉलमला नाव हवंच (एकही हेडिंग रिकामं असेल तर एक्सेल पिव्होट करायलाच नकार देतं), मधे रिकामी ओळ नाही, मधे बेरीज नाही, मर्ज केलेला सेल तर अजिबात नाही.

आणि लोक काय करतात, तर हजेरीपट करतात. डावीकडे नावं, वरती १ ते ३१ तारखा, मधल्या चौकटीत तास. डोळ्यांना ते सोयीचं वाटतं कबूल, पण तो आधीच एक सारांश आहे, त्यात प्रोजेक्ट कुठे लिहिणार? मग लोक सेलमध्ये कॉमेंट टाकतात, नाहीतर रंग देतात. निळा म्हणजे हा प्रोजेक्ट, हिरवा म्हणजे तो. रंगाची बेरीज होत नाही राव. जे काही मोजायचं, गाळायचं असेल त्याला स्वतःचा कॉलम पाहिजे.

असा हजेरीपट तुमच्याकडे आधीच वर्षभराचा भरून पडला असेल तर हाताने उलटा करत बसू नका. एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी (डेटाची मांडणी बदलून देणारं साधन) आतच दिलेलं आहे. हजेरीपटात कुठेतरी क्लिक करून डेटा टॅबमधून टेबल/रेंज वाला पर्याय निवडा, नवी खिडकी उघडेल, त्यात नावाचा कॉलम सिलेक्ट करून राइट क्लिक, "अनपिव्होट अदर कॉलम्स", मग क्लोज अँड लोड. एकतीस कॉलमचे उभे दोन कॉलम होऊन येतात, तारीख आणि तास. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, कारण त्याआधी दोन दिवस हेच काम कॉपी-पेस्टने केलेलं.

आणि वर सांगितली तशी "नाव एकदाच लिहून खाली रिकामं" वाली शीट असेल तर तिलाही उपाय आहे. मर्ज केलेलं असेल तर आधी अनमर्ज करा, मग तो कॉलम सिलेक्ट करा, एफ ५ दाबून स्पेशल, तिथे ब्लँक्स निवडून ओके. सगळे रिकामे सेल एकदम सिलेक्ट होतात. आता कुठेही क्लिक न करता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा, आणि कंट्रोल धरून एंटर. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये त्याच्या वरचं नाव येतं. नंतर तो कॉलम कॉपी करून तिथेच पेस्ट व्हॅल्यूज (म्हणजे सूत्र नाही, नुसतं उत्तर पेस्ट) करायला विसरू नका, नाहीतर पहिल्यांदा सॉर्ट कराल तेव्हा सगळी नावं इकडची तिकडे होतील.

आता स्वच्छता. हा भाग कंटाळवाणा आहे पण चुका इथेच लपलेल्या असतात.

पहिलं, स्पेलिंग. "टेस्टिंग", "टेस्टींग" आणि "टेस्टिंग" च्या मागे चुकून पडलेली एक स्पेस, आपल्याला एकच वाटतं, पिव्होटला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि तो तीन वेगळ्या ओळी देतो. मागच्यापुढच्या स्पेस ट्रिम फंक्शनने जातात. वेबपेजवरून कॉपी केलेल्या डेटात मात्र कधीकधी वेगळीच स्पेस असते, दिसते तशीच पण ट्रिमला दाद देत नाही; ती एका सेलमधून कॉपी करून फाइंड-रिप्लेसच्या चौकटीत पेस्ट करायची आणि साध्या स्पेसने बदलायची, मग ट्रिम. आणि पुढे हा त्रासच नको असेल तर डेटा व्हॅलिडेशनमधून ड्रॉपडाउन लावून टाका, लोकांना टाइप करूच देऊ नका. सहा माणसं एक शब्द सहा प्रकारे लिहितात, यात कुणाची चूक नाही, ते होणारच.

दुसरं, तारखा. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे नुसता आकडा असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून दिवस मोजत १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. म्हणूनच तारखांची वजाबाकी होते, महिन्यांचे गट पडतात. पण दुसऱ्या कुठल्या सिस्टिममधून आलेल्या फाइलमध्ये तारीख बऱ्याचदा मजकूर म्हणून बसलेली असते. ओळखायचं कसं, तर अलाइनमेंटला हात लावला नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे अर्ध्या तारखा डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे. तसं दिसलं तर सावध व्हा, कारण तिथे नुसत्या डावीकडच्या बिघडलेल्या नसतात. फाइलमध्ये आधी दिवस मग महिना असतो आणि तुमचा कॉम्प्युटर आधी महिना समजत असतो, मग २५/०३ त्याला कळत नाही, पंचविसावा महिना कुठून आणणार, म्हणून तो ती मजकूर म्हणून सोडतो. पण ०४/०३ तो बिनधास्त ३ एप्रिल म्हणून गिळतो. म्हणजे उजवीकडच्या ज्या "बरोबर" दिसतायत त्याच चुकलेल्या! नुसत्या डावीकडच्या दुरुस्त करून उपयोग नाही, फाइल परत आणायची आणि आणतानाच सांगायचं की आधी दिवस आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेला साधा मजकूर) असेल तर डबल क्लिकने उघडूच नका, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा आणि तिथे तारखेचा प्रकार निवडा. पूर्ण कॉलमच डावीकडे, म्हणजे सगळाच मजकूर असेल, तर डेटा टॅबमधल्या टेक्स्ट टू कॉलम्सच्या तिसऱ्या पायरीवर तारखेचा क्रम निवडून काम होतं.

एक्सेलची ही तारीख ओळखायची हौस इतकी दांडगी आहे की माणसाच्या काही जनुकांची लघुनावं मार्च आणि सप्टेंबरच्या तारखांसारखी दिसायची म्हणून संशोधकांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होऊन बसायच्या, शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर सुधारेल याची वाट बघण्यापेक्षा ते सोपं पडलं.

तिसरं, तास. शक्यतो दीड तास म्हणजे १.५ असंच लिहा. १:३० असं लिहिलं तर एक्सेल त्याला घड्याळाची वेळ समजतं आणि पोटात ठेवतं ०.०६२५, म्हणजे दिवसाचा तेवढा भाग. एका सेलपुरतं ते ठीक दिसतं, पण बेरीज २४ च्या पुढे गेली की घड्याळ परत शून्यावर येतं, २५ तास काम केलेल्या माणसासमोर १:०० दिसतं. आकडा आत बरोबर असतो, दाखवणं चुकतं. आधीच तसं लिहून ठेवलं असेल तर शेजारी एक कॉलम घेऊन २४ ने गुणा, त्याचा फॉरमॅट साधा नंबर करा, प्रश्न मिटला.

एवढं झालं की डेटात कुठेही क्लिक करा आणि कंट्रोल टी. पूर्ण डेटाचं टेबल होतं. लोकांना वाटतं हे पट्टेपट्टे रंगाचं काम आहे, पण खरा फायदा असा की खाली नवीन ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढतं आणि त्यावर बेतलेली सूत्रं, पिव्होट सगळ्यांना ती ओळ मिळते. नाहीतर सूत्रात "दुसऱ्या ओळीपासून पाचशेव्या ओळीपर्यंत" लिहिलेलं असतं आणि डेटा पोचलेला असतो सातशेवर. असल्या चुका मोठमोठ्यांच्या होतात. २०१० मध्ये दोन नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला, खूप गाजला, धोरणांच्या चर्चेत त्याचे दाखले दिले गेले, आणि २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून बघितली तर सरासरीच्या सूत्रात २० देशांऐवजी १५ च देश घेतलेले, रेंज पाच ओळी आधीच संपलेली. वाद त्या एकाच चुकीवर नव्हता, दुसरेही आक्षेप होते, पण लोकांच्या लक्षात ही पाच ओळींची गोष्टच राहिली.

आता पिव्होट. खरं सांगू का, इथपर्यंत नीट आला असाल तर पुढे फार काही उरलेलंच नाही. टेबलमध्ये क्लिक, इन्सर्ट, पिव्होटटेबल, न्यू वर्कशीट, ओके. उजव्या बाजूला कॉलमांची यादी आणि खाली चार चौकटी येतात: फिल्टर्स, कॉलम्स, रोज (म्हणजे ओळी), व्हॅल्यूज. कुठलं कुठे ओढायचं यात लोक अडकतात, तर माझी युक्ती सांगतो. आपला प्रश्न आधी मराठीत, एका वाक्यात, तोंडाने म्हणायचा. "फक्त टेस्टिंगचे, प्रोजेक्टवार आणि महिनावार, किती तास गेले?" आता यात ज्याला "वार" लागलंय ते रोज किंवा कॉलम्समध्ये जातं, "किती" च्या मागोमाग येणारं व्हॅल्यूजमध्ये, आणि "फक्त" वालं फिल्टर्समध्ये. झालं. प्रोजेक्ट रोजमध्ये, तारीख कॉलम्समध्ये, तास व्हॅल्यूजमध्ये, कामाचा प्रकार फिल्टरमध्ये. दोन "वार" असतील तर ज्यात जास्त वेगवेगळी नावं आहेत ते उभं ठेवा, म्हणजे आडवं स्क्रोल करावं लागत नाही. वाक्यच बनत नसेल तर पिव्होट बनवू नका, आधी काय शोधताय ते ठरवा.

व्हॅल्यूजमध्ये तास टाकल्यावर बेरजेऐवजी "काउंट ऑफ तास" आलं, तर समजायचं की त्या कॉलममध्ये कुठेतरी मजकूर लपलाय, कुणीतरी "२ तास" असं लिहिलंय किंवा "सुट्टी". नुसतं काउंटचं सम करून पुढे जाऊ नका, ती ओळ शून्य धरली जाईल. मूळ शीटमध्ये फिल्टर लावून ती शोधा आणि सुधारा.

तारीख टाकल्यावर ३६५ कॉलम दिसले तर घाबरू नका, कुठल्याही एका तारखेवर राइट क्लिक, ग्रुप, आणि तिथे मन्थ्स आणि इयर्स दोन्ही निवडा. नुसते मन्थ्स निवडले आणि डेटा दोन वर्षांचा असला तर दोन्ही जानेवारी एकाच डब्यात पडतात, हे मी एकदा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शिकलो. नव्या एक्सेलमध्ये हे गट बऱ्याचदा आपोआप पडतात. ग्रुप होतच नसेल तर त्या कॉलममध्ये एखादी तारीख मजकूर म्हणून राहिलीये, परत वर जा.

एक जागा अशी जिथे पिव्होट बरोबर उत्तर देतं आणि आपण चुकीचं वाचतो, ती म्हणजे सरासरी. तासांचं ॲव्हरेज लावलं तर ते प्रत्येक ओळीमागे येतं, दिवसामागे नाही. एखाद्याने दिवसात दोन-दोन तासांच्या चार नोंदी केल्या तर त्याची सरासरी २ दिसेल आणि तो काम करतो आठ. दुसरी चूक म्हणजे पिव्होटमधल्या सरासऱ्यांची बाहेर परत सरासरी काढणं. एका प्रोजेक्टच्या १०० नोंदी, सरासरी २ तास. दुसऱ्याच्या १० नोंदी, सरासरी ५. दोघांची मिळून ३.५ नाही होत, एकूण २५० तास भागिले ११० नोंदी, म्हणजे सुमारे २.२७. पिव्होटची खालची ग्रँड टोटलची ओळ हे बरोबर दाखवते, तिच्यावर विश्वास ठेवा.

तसंच काउंटचं. "प्रोजेक्टवर किती माणसं" म्हणून नाव व्हॅल्यूजमध्ये टाकलं तर ओळींची संख्या येते, माणसांची नाही, सहा जणांच्या टीममध्ये १४३ माणसं. वेगवेगळी माणसं मोजायची तर पिव्होट बनवतानाच खाली "ॲड धिस डेटा टू द डेटा मॉडेल" ची टिक करावी लागते, मग समरीच्या प्रकारांमध्ये शेवटी डिस्टिंक्ट काउंट मिळतं. गूगल शीट्समध्ये हे काउंटयुनिक नावाने सरळच असतं.

टक्केवारीसाठी सूत्र लिहू नका. आकड्यावर राइट क्लिक, "शो व्हॅल्यूज ॲज", प्रोजेक्ट रोजमध्ये आणि कामाचा प्रकार कॉलम्समध्ये ठेवला असेल तर त्यात रो टोटलचे टक्के घेतले की प्रत्येक प्रोजेक्टचा वेळ कुठल्या कामात गेला ते दिसतं, कॉलम टोटलचे घेतले तर प्रत्येक कामाचा वेळ कुठल्या प्रोजेक्टने खाल्ला. तास दोनदा ओढून एक बेरीज आणि एक टक्केवारी शेजारी ठेवता येते.

आणि रिफ्रेश! एक्सेलचं पिव्होट मूळ डेटा बदलला तरी सहसा स्वतःहून बदलत नाही. राइट क्लिक करून रिफ्रेश, किंवा डेटा टॅबमधलं रिफ्रेश ऑल. गूगल शीट्सचं आपोआप बदलतं, त्यामुळे तिकडून इकडे आलेले लोक हमखास फसतात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही पिव्होट आहे, इन्सर्ट मेन्यूत, तिथेही रिफ्रेश हाताने.

मग सूत्रं कशाला शिकायची? तर पिव्होट चाचपडून बघायला उत्तम, पण दर महिन्याला ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या चौकटीत आकडे द्यायचे असतील तर मला समइफ्स (दिलेल्या अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं सूत्र) बरं वाटतं, कारण साचा हलत नाही. त्यात आधी तासांचा कॉलम, मग प्रोजेक्टचा कॉलम, मग कुठला प्रोजेक्ट, मग पुढची अट, अशा जोड्या वाढवत जायच्या. जुन्या समइफमध्ये बेरजेचा कॉलम शेवटी असतो आणि यात सुरुवातीला, म्हणून मी समइफ वापरणंच बंद केलं, एका अटीलाही समइफ्स. महिन्याची अट लावताना "१ तारखेपासून पुढे" आणि "पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी" अशा दोन अटी द्या, महिना ३० चा की ३१ चा बघायला नको. आणि फिल्टर लावलेल्या शीटवर दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल तर साध्या समने येणार नाही, ती लपलेल्याही मोजते. सबटोटल वापरा, पहिला आकडा ९ (म्हणजे बेरीज).

डेटा खूपच मोठा असेल तर एक मर्यादा माहीत असू द्या: एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी, आणि जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये फक्त ६५,५३६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या जुन्या प्रकारच्या फाइलमुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, ओळी संपल्या आणि पुढचं आत आलंच नाही.

म्हणून शेवटी ताळा करायचा, न चुकता. मूळ शीटमधला तासांचा पूर्ण कॉलम सिलेक्ट केला की खाली स्टेटस बारवर बेरीज दिसते, ती पिव्होटच्या ग्रँड टोटलशी जुळली पाहिजे (फिल्टर काढून बघा). जुळली तरी एखादा आकडा डोळ्यात खुपत असेल तर त्यावर डबल क्लिक करा, तो ज्या ओळींपासून बनला त्या सगळ्या नव्या शीटवर उघडतात. ४ तासांच्या जागी ४० लिहिलेलं असलं की तिथे लगेच सापडतं. बघून झालं की ती शीट डिलीट करा, नाहीतर फाइलमध्ये शीट १७, शीट १८ जमत जातात.

याच डबल क्लिकची दुसरी बाजू पण आहे. पिव्होट आपल्याजवळ डेटाची एक प्रत ठेवून असतं, त्यामुळे तुम्ही मूळ शीट डिलीट करून नुसतं पिव्होट कुणाला पाठवलं तरी समोरचा ग्रँड टोटलवर डबल क्लिक करून सहाही जणांच्या सगळ्या नोंदी बघू शकतो. बाहेर पाठवायचं असेल तर पिव्होट कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट व्हॅल्यूज करा आणि ती फाइल पाठवा.